कोरस आणि कोलेगार

पॉप गाणी आणि टीव्हीवरच्या क्राईम मालिका, या दोन गोष्टींची मी फॅन आहे. जेवताना काहीतरी लावून ठेवणारी फॅन नाही, पक्की फॅन, नवीन अल्बम येणार म्हटलं की आधीपासूनच जीव थाऱ्यावर नसतो अशी. चाळिशी ओलांडली तरी हे कमी झालेलं नाही. आमच्या बेळगावात कुणाला भजनाचा नाद असला, नाटकाचा असला, कुस्तीचा असला तर लोक कौतुकानं सांगतात, त्याला लई नाद हाय बघा म्हणून. पॉपचा नाद म्हटलं की मात्र "अजून?" असं विचारतात आणि खुनाच्या मालिका म्हटलं की "रात्री झोप कशी लागते गं तुला?" त्यांचा मला राग नाही. पण या दोन गोष्टींनी मला इतकं काही दिलंय की ते एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी हे कुठं घडलं ते सांगते, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. बेळगावात जन्मलेल्या माणसाची बाजू आधीच ठरलेली असते. घरी कुठला पेपर येतो, पोरं कुठल्या मीडियमला आहेत, दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आहे, 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनाला, तुम्ही काळे कपडे घालून सायकल फेरीत जाता की लाल-पिवळा झेंडा घेऊन चन्नम्मा सर्कलला जाता, सगळ्यातून ती बाजू दिसते. माझी बाजू मराठी. काकांबरोबर दंडाला काळी फीत बांधून मीही गेलेय, आणि आजही कुणी माझ्या भाषेबद्दल वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. पण हे सगळं मला घरातून मिळालं. कुणी न सांगता, घरात कुणालाच त्यातलं काही कळत नसताना, मी स्वतःहून निवडलेली पहिली गोष्ट म्हणजे पॉप.

1996 सालचा 1 नोव्हेंबर मला अगदी चांगला आठवतो. गावात काळा दिवस, मराठी गल्ल्यांतली दुकानं बंद, दुसरीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, आणि त्याच दिवशी तिकडं मुंबईत अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये मायकल जॅक्सनचा कार्यक्रम! मी शाळेत होते. त्याची एक कॅसेट माझ्याकडं होती, खडेबाजारातल्या एका दुकानातून भरून आणलेली, त्यावरची गाणी मला श्वासासकट पाठ होती, म्हणजे तो कुठं दम घेतो तेही. काका फेरीहून आले, घोषणा देऊन त्यांचा घसा बसलेला, आणि मी टीव्हीसमोरून हलायलाच तयार नाही कारण बातम्यांत त्याचं काहीतरी दाखवतील. आईला वाटलं आता काका ओरडणार. पण तो कार्यक्रम शिव उद्योग सेनेनं ठेवलेला होता आणि ते काकांना माहीत होतं. ते शेजारी बसत म्हणाले, "आपल्याच लोकांनी आणलाय की त्याला. बघू दे पोरीला." मग विमानतळावर सोनाली बेंद्रेनं नऊवारी नेसून त्याला ओवाळलं ते दाखवलं, आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि आम्ही तिघांनी ते बघितलं. काही सेकंदांची क्लिप असेल.

पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना मला जी मैत्रीण मिळाली, सदाशिवनगरची, घरी कन्नड बोलणारी, तिनं सांगितलं की त्या दिवशी सकाळी ती वडिलांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून झेंडा घेऊन मिरवणुकीत गेली होती आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं हीच क्लिप बघितली होती. तिच्या अव्वानंही, म्हणजे आईनंही, स्वयंपाकघरातून येऊन नऊवारी बघितली होती म्हणे. तेव्हापासून आमचं जे जमलं ते आजतागायत.

आमची ओळख गणिताच्या क्लासमध्ये झाली. 1999 साल, बॅकस्ट्रीट बॉईजचं 'आय वाँट इट दॅट वे' सगळीकडं वाजत होतं. चॅनल व्ही आणि एमटीव्ही केबलवर यायचे, पण आमचा केबलवाला कधी कुठला चॅनल बंद करेल सांगता यायचं नाही, त्यामुळं गाणं लागलं की जिथं असू तिथून पळत यायचं. गाण्याचे शब्द कुठं मिळणार? इंटरनेट कॅफे नुकते सुरू होत होते आणि तासाचे पैसे आमच्याकडं नसायचे. म्हणून आम्ही दोघी ऐकून ऐकून वहीत लिहायचो. ती कन्नड लिपीत, मी देवनागरीत. मग क्लासच्या आधी दोन्ही वह्या शेजारी ठेवून मोठ्यानं वाचून जुळवायचं, इथं तू काय ऐकलंस, मी काय ऐकलं, यावर कडाक्याचं भांडण, परत ऐकायचं, परत लिहायचं. अर्थ लागत नव्हता. काय हवंय त्याला आणि काय नकोय हे दोन्ही वह्यांत मिळून कळत नव्हतं, तरी शेवटच्या कोरसला गाणं एकदम वरच्या पट्टीत चढतं तिथं दोघींच्या अंगावर काटा यायचा, दरवेळी यायचा.

खूप वर्षांनी त्या गाण्याबद्दल वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री उशिरा तिला फोन केला. ते गाणं लिहिलं मॅक्स मार्टिन आणि आंद्रियास कार्लसन या दोन स्वीडिश माणसांनी, स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओच्या लोकांनी. इंग्लिश त्यांचीही घरची भाषा नव्हे. आणि गाण्याच्या ओळी एकमेकींना धरून नाहीत हे तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून कंपनीनं अर्थ नीट लागेल असं दुसरं व्हर्जन लिहून, रेकॉर्डसुद्धा करून घेतलं. पण मुलांना पहिलंच आवडलं आणि तेच ठेवलं. म्हणजे बेळगावात दोन पोरी दोन लिप्यांत डोकं फोडत होत्या तो अर्थ मुळात तिथं ठेवलेलाच नव्हता, आणि जे ठेवलेलं होतं, तो नाद, तो चढ, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळत होतं.

या मॅक्स मार्टिनबद्दल मला लिहायलाच पाहिजे कारण जगातले लोक त्याचं गाणं गुणगुणतात आणि त्याचं नाव त्यांना माहीत नसतं. खरं नाव कार्ल मार्टिन सँडबर्ग. स्वीडनमध्ये सरकारी संगीत शाळा असतात, तिथं तो फ्रेंच हॉर्न शिकला. ब्रिटनी स्पीअर्सचं 1998 चं पहिलं गाजलेलं गाणं त्याचं, आणि त्यानंतर आजपर्यंत किती गायकांची किती गाणी. त्याची पद्धत वाचली तेव्हा मी थक्क झाले. तो आधी चाल धरतो आणि मग शब्द अक्षरं मोजून बसवतो. एका ओळीत जेवढी सिलॅबल तेवढीच तिच्या जोडीच्या ओळीत, एक जास्त झालं तरी तो शब्द बाहेर, मग तो शब्द कितीही चांगला असो. आता हे कुणाला यांत्रिक वाटेल, पण आपल्याकडं मोठ्या अभंगाची बांधणी काय आहे? सहा, सहा, सहा, चार. अक्षरं मोजलेली, यमक ठरलेलं, आणि प्रत्येक चरणानंतर ध्रुपद परत यायचं. टाळकरी ध्रुपदाची वाट बघतच उभे असतात, ते येणार हे माहीत असतं, आणि माहीत असून ते आल्यावर उडी मारल्याशिवाय राहवत नाही. मी वारकरी घरातली आहे, कोरस म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या भागात शास्त्रीय संगीताचा मान मोठा आहे आणि तो असायलाच पाहिजे. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, आमच्या अगदी जवळ. पुढं धारवाड, हुबळी, गदगकडं बघावं तर मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी. ही कन्नड घरातली माणसं, आणि भीमसेनांच्या आवाजातले अभंग लागल्याशिवाय इकडच्या कितीतरी मराठी घरांत आषाढी सुरू होत नाही. त्यामुळं आमच्याकडं पॉप ऐकणाऱ्याला बरंच ऐकून घ्यावं लागतं, एवढ्या मोठ्या संगीताच्या गावात राहून हे काय ऐकूलायस म्हणून. मला ते दोन्ही एकाच कानानं ऐकू येतं. तीन साडेतीन मिनिटांत एक माणूस उभा करायचा, त्याला काहीतरी हवंय हे सांगायचं, ऐकणाऱ्याला थांबवून धरायचं आणि बरोबर वेळेला सोडायचं, यात एक सेकंद इकडचा तिकडं झाला तर गाणं पडतं. आणि पॉप पडलं की पहिल्याच दिवशी पडतं, त्याला घराण्याचा आधार नसतो. याला मी हलकं काम मानणार नाही.

क्राईम मालिकांचं वेड आईकडून आलं. सोनीवर 21 जानेवारी 1998 ला 'सीआयडी' सुरू झाली तेव्हा आईनं पहिल्यांदा शिवाजी साटमना ओळखलं, कारण कोल्हापूरला आत्याकडं तिनं 'एक शून्य शून्य' बघितलेली होती. ती मराठी मालिकाही बी. पी. सिंग यांचीच आणि साटम त्यातही पोलीसच. आधी बँकेत नोकरी करणारा हा माणूस, त्यामुळं आईला तो फार जवळचा वाटायचा, म्हणायची, "बघ, हिशेब लागत नाही म्हटल्यावर कसा बघूलाय." आई मालिका बघताना शेंगा सोलायची, लसूण निवडायची, पण डोळे स्क्रीनवरून हलायचे नाहीत. तिची स्वतःची एक रीत होती. जो माणूस पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त मदत करतो त्याच्यावर तिचा संशय. आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर यायचं, त्यामुळं शेजारच्या काकूही रात्री जेवण उरकून आमच्याकडं यायच्या.

मैत्रिणीकडं आणि माझ्याकडं दोन्हीकडं लँडलाईन होता. मध्ये जाहिराती लागल्या की फोन वाजायचा आणि मी हॅलो म्हणायच्या आत ती ओरडायची, "कोलेगार इवने!" म्हणजे खुनी हाच. मी म्हणायची नाही, मेव्हणा आहे बघ. पैज लागायची, कधी कुंद्याची, कधी कॅम्पातल्या आईस्क्रीमची. दया म्हणजे दयानंद शेट्टी मूळचा उडुपीकडचा हे तिला कुठूनतरी कळलं तेव्हा तिनं त्याच्यावर हक्कच सांगितला. तुमचा एसीपी, म्हणजे साटम, आणि आमचा दया. त्यावर भांडण मात्र कधी झालं नाही, कारण एसीपीनं सांगायचं आणि दयानं दार तोडायचं, एकाशिवाय दुसऱ्याचं काही चालायचं नाही हे दोघींना मान्य होतं.

लोक 'सीआयडी'च्या क्लिप फिरवतात, ते ठीक आहे. पण 2018 च्या ऑक्टोबरपर्यंत 1547 भाग झाले त्या मालिकेचे. वीस वर्षं. मधे 2004 साली लोणावळ्याला त्यांनी 111 मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय, एका टेकमध्ये शूट केला. कॅमेरा थांबवायचा नाही, चुकलं की पहिल्यापासून. मी तो भाग नंतर परत बघितला तेव्हा गोष्ट सोडून नुसता कॅमेराच बघत होते, कोण कुठल्या दारातून येतोय, कुणी कुणाची वाट बघत श्वास रोखून उभं असेल. ज्या मालिकेला लोक साधी म्हणतात तिच्या मागं हे असं काम होतं. आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस गेले त्या दिवशी आईनं टीव्ही लावला नाही. ओळखीतलं माणूस गेल्यावर जसं घर होतं तसं होतं घर. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरला मालिका परत सुरू झाली तेव्हा तिनं पहिल्या भागात त्यांनाच शोधलं.

मला क्राईम मालिका का लागतात याचा मी खूप विचार केलाय. मरणाची ओढ वगैरे काही नाही. उलट, चांगल्या क्राईम मालिकेत एका माणसाच्या मरण्याला किंमत असते. कुणीतरी गेलंय आणि आता चार माणसं बाकी सगळी कामं सोडून, तो कुठं जात होता, शेवटचं काय खाल्लं, कुणाला फोन केला, त्याच्या खिशात काय होतं, हे एकेक शोधणार. जिवंतपणी ज्याच्याकडं कुणी वळून बघितलं नसेल त्याचं सगळं आयुष्य आता महत्त्वाचं. ब्रिटिश मालिका 'ब्रॉडचर्च' आली 2013 ला, तिच्यात तर एका लहान मुलाच्या मृत्यूनंतर सगळं गाव कसं आतून हलतं हेच आठ भाग दाखवलं, त्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. आणि दुसरं, तिथं शेवट होतो. कोण, का, कसं, हे सांगितलं जातं. आमच्याकडं शेवट न होणाऱ्या गोष्टींची सवय आहे. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून, काकांची पिढी वाट बघत गेली. जिथं प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहतो तिथल्या माणसाला, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज रात्री अकराच्या आत मिळणार ही गोष्ट काय वाटत असेल ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

मग कोविड आला. आत्या कोल्हापूरला एकटी, आम्ही इकडं, आणि कोगनोळी नाक्यावर एका टप्प्याला आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते. एरवी जी हद्द आम्ही एसटीत झोपेत ओलांडायचो ती एकदम खरी झाली, बॅरिकेड, पोलीस, लाईन. त्याच दिवसांत मी 'द ब्रिज' बघितली, 2011 ची, स्वीडन आणि डेन्मार्क दोघांनी मिळून केलेली, हान्स रोझेनफेल्टनं लिहिलेली. स्वीडनचं माल्मो आणि डेन्मार्कचं कोपनहेगन यांना जोडणारा एक पूल आहे, ओरेसुंडचा, 2000 साली सुरू झालेला, जवळजवळ आठ किलोमीटर. मालिकेच्या सुरुवातीला रात्री त्या पुलावरचे दिवे जातात, आणि परत येतात तेव्हा पुलाच्या बरोबर मध्यावर, दोन देशांच्या हद्दीच्या रेषेवर एका बाईचं प्रेत. उचलायला जातात तर ते दोन तुकडे निघतात, आणि दोन तुकडे दोन वेगळ्या बायकांचे, वरचा स्वीडनच्या, खालचा डेन्मार्कच्या.

मी तिथंच पॉज केलं. खरंच सांगते, पुढं जाताच येईना. जगात कुणीतरी हद्दीच्या रेषेवर गोष्ट उभी केली होती! तपास कुणाचा, हा प्रश्न पहिल्याच प्रसंगात. माल्मोची सागा नोरेन, कोपनहेगनचा मार्टिन रोहदे, दोघांना एकत्र काम करावं लागतं आणि ती स्वीडिश बोलते, तो डॅनिश बोलतो. आपापल्या भाषेत. कुणी कुणाला 'आमच्या भाषेत बोल' म्हणत नाही, आणि कुणी स्वतःची भाषा सोडतही नाही. एखादं काही कळलं नाही तर परत विचारतात आणि पुढं जातात, कारण समोर प्रेत आहे. मी आणि मैत्रीण फोनवर असंच बोलतो. ती रागावली की कन्नडमध्ये जाते, मी रागावले की मराठीत राहते, आणि दोघींना सगळं कळतं. टीव्हीवर हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

ही मालिका मग कुठं कुठं परत केली गेली ते बघा. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या बोगद्यात, अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवर, मलेशिया-सिंगापूरच्या मध्ये. माझ्या डोक्यात तिचं आमचं व्हर्जन केव्हाचं तयार आहे. कागल आणि कोगनोळीच्या मधला दूधगंगेचा पूल, पावसाळ्याची रात्र, नदी दोन्ही काठांना लागलेली. हद्द कुणाची, कागलची की निपाणीची? झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता लिहून घ्यायची तक्रार, कोण घेणार? पंचनामा मराठीत लिहायचा की कन्नडमध्ये, आणि पंच म्हणून ज्या दोन ट्रक ड्रायव्हरांना उभं केलंय त्यांना कुठला वाचता येतो? निपाणीची पीआय एक बाई, तिची आजी गडहिंग्लजची, मराठी सगळं कळतं पण ड्युटीवर बोलत नाही. कागलचा हवालदार जत्रेला दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारा, कन्नड गाणी तोंडपाठ. कुणीतरी हे करा. कोल्हापुरात नट आहेत, धारवाडात नट आहेत, आणि दोन्ही भाषा कळणारे लाखो प्रेक्षक इथं बसलेत.

पण हे मी इतक्या उत्साहानं लिहितेय आणि मला 2015 विसरता येत नाही. त्या वर्षी 16 फेब्रुवारीला कोल्हापुरात सकाळी फिरून येताना गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी पानसरे गेले. त्याच वर्षी 30 ऑगस्टला धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी सरांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली. कोल्हापूर आणि धारवाड, एकाच हायवेवरची दोन गावं, आणि मध्ये आम्ही. आमच्याकडं पानसरेंचं शिवाजी महाराजांवरचं छोटं पुस्तक होतं, मैत्रिणीच्या वडिलांकडं कलबुर्गींची पुस्तकं, ते वचनांचे अभ्यासक, त्यांचं भाषण ऐकायला ते मुद्दाम धारवाडला गेलेले. त्या ऑगस्टमध्ये ती फोनवर काहीच बोलत नव्हती. मी फेब्रुवारीत बोलत नव्हते तसं.

त्यानंतर बरेच महिने मला क्राईम मालिका लावता आली नाही. एका राज्याचे पोलीस, दुसऱ्या राज्याचे पोलीस, वेगवेगळ्या टीम, सगळं पेपरात वाचत होते. 2017 ला बेंगळुरात पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला आणि मग कर्नाटकच्या फॉरेन्सिक लॅबनं गोळ्या आणि पुंगळ्या ताडून बघून सांगितलं की कलबुर्गी आणि गौरी दोघांवर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्यात. ती बातमी वाचताना मला 'सीआयडी'तल्या डॉक्टर साळुंखेंची लॅब आठवली, आणि आठवल्याची लाज नाही वाटली. तिथंच तर मी शिकले होते की पुंगळीवर फायरिंग पिनची खूण राहते, ती प्रत्येक हत्याराची वेगळी असते, आणि ती शांतपणे मायक्रोस्कोपखाली बघणारं कुणीतरी लागतं. दाभोलकरांचा खून 2013 चा, दोघांना जन्मठेप झाली 2024 च्या मे महिन्यात. टीव्हीवर जे चाळीस मिनिटांत होतं त्याला खऱ्यात जवळजवळ अकरा वर्षं लागली. बाकीचे खटले लांबतच गेले. मला आता मालिका बघताना त्या चाळीस मिनिटांत न दिसणारी वर्षं दिसतात, साक्षीदार म्हातारे होताना दिसतात, आणि तरीही, किंवा म्हणूनच, मी परत बघायला लागले. कारण शोध पूर्ण झाला पाहिजे, कुणीतरी तो मध्येच सोडून देता कामा नये, ही मागणी मनात जिवंत ठेवायला मला ते बघावं लागतं.

भाची टिळकवाडीत राहते, कॉलेजला आहे, ती बीटीएस या कोरियन पॉप ग्रुपची 'आर्मी', म्हणजे पक्की फॅन आहे. सातही जण सैन्यातली किंवा तिच्याऐवजीची सक्तीची ड्युटी संपवून 2025 च्या जूनपर्यंत बाहेर आले तेव्हा तिनं घरात शिरा केला. मराठी, कन्नड, इंग्लिश, हिंदी असताना ती आता कोरियन लिपी शिकलेय, स्वतःची स्वतः, मोबाईलवर. तिच्या आईला काळजी वाटते. मी तिला सांगितलं, करू दे गं, ऐकू दे. ती मला प्रत्येकाचा आवाज ओळखायला शिकवतेय, आणि मी तिला जुन्या गाण्यांतलं पट्टी बदलणं दाखवते. तिची बेस्ट फ्रेंड अनगोळची उर्दू शाळेत शिकलेली मुलगी आहे, दोघी गच्चीवर डान्स बसवतात. खाली कुणाकडं कुठला पेपर येतो हे मी विचारलेलं नाही.

मी दिवसभर उद्यमबागेत एका वर्कशॉपचे हिशेब बघते, बाहेर लेथचा आवाज, आत जीएसटीच्या एंट्र्या, एका कानात इअरफोन. मैत्रीण हुबळीला असते. शनिवारी रात्री दोघी आपापल्या घरी एकच एपिसोड एकाच वेळी चालू करतो, एक दोन तीन म्हणून, आणि फोन स्पीकरवर. मधे जाहिराती नसल्यामुळं आता ओरडायला थांबावं लागत नाही, ती वाटेल तेव्हा ओरडते. आईही असते, कधी कधी झोप लागते तिला, पण शेवटच्या दहा मिनिटांना बरोबर उठते आणि विचारते, तो मदत करणारा कुठं गेला?

तुमच्यापैकी कुणाला 'द ब्रिज' बघायची असेल तर स्वीडिश-डॅनिश मूळचीच बघा, सबटायटल लावून. डब केलेली अजिबात नको, डबमध्ये सागा आणि मार्टिन दोघं एकच भाषा बोलतात आणि सगळी गंमतच जाते. सुरुवातीला सबटायटल वाचताना दोन भाषांतला फरक कळणार नाही, तिसऱ्या भागापर्यंत कळायला लागतो, सागाची ऐकायला मोकळी, मार्टिनची घशातली. चार सीझन आहेत. पहिल्यापासून सुरू करा, मधला कुठलाही उचलू नका. आणि खुनी कोण ते कळलं तरी आमच्या पोस्टखाली लिहू नका, आई अजून दुसऱ्या सीझनला आहे.